काडीमोड झाली, मुलांचे काय?

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके वसले आहेत. एकातून माळशेज घाटाची वाट जाते, दुसऱ्यातून कसारा घाटाची. भाताची शेती, पावसाळा सरल्यावर वीटभट्टीवरची मजुरी आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील किंवा कल्याण-भिवंडीकडील कारखान्यांतील काम यांवर येथील संसार चालतात. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा अनेक समाजांची वस्ती येथे असून दोन्ही तालुक्यांचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. संसार सर्वत्र मोडतात, तसे ते येथेही मोडतात. ते मोडण्याची रीत मात्र शहरातील रीतीहून पुष्कळ वेगळी आहे.

न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन विभक्त होणारी जोडपी या भागात नाहीत असे नाही. परंतु प्रकरण बहुधा त्याआधीच गावात मिटविले जाते. पंचांसमक्ष गवताची काडी मोडून नवरा-बायकोचे नाते तुटल्याचे जाहीर करण्याची जुनी चाल ‘काडीमोड’ या शब्दात आजही शिल्लक आहे. काडीच्या जागी आता मुद्रांकाचा कागद आला, एवढाच फरक. या फारकतीच्या कागदात दागिने, भांडीकुंडी, लग्नाचा खर्च, आदिवासी समाजात देज परत करावयाचे की नाही, या सर्व गोष्टींचा हिशेब तपशिलाने लिहिला जातो. मुलांच्या वाट्याला मात्र एखादी ओळ येते. मुले आईकडे राहतील आणि त्यांच्या पोटगीबाबत तिची यापुढे काहीही मागणी राहणार नाही, अशा अर्थाची ती ओळ असते. कधी ती उलटही असते: मुले बापाची, आईने त्यांचे तोंड पाहू नये.

अशा कागदावर एकदा अंगठा उठला की सारे संपले, अशी समजूत दोन्ही बाजूंची असते. कायद्याची दृष्टी तशी नाही. मुलाची पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे; आई ती केवळ त्याच्या वतीने मागते. जे आपले नाही ते सोडून देण्याचा अधिकार तिला नाही आणि ते सुटले असे मानण्याचा अधिकार बापालाही नाही. फारकतीतील तडजोड नवरा-बायकोपुरती काही परिणाम करील, परंतु तिच्यात ज्याची सही नव्हती आणि असूही शकत नव्हती, त्या मुलाचा हक्क तिने बुडत नाही.

पोटगीचा अर्ज

या हक्काचे सर्वांत जवळचे साधन म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतील पोटगीची तरतूद. १९७३ च्या संहितेत ती कलम १२५ मध्ये होती आणि ‘एकशेपंचवीसचा अर्ज’ हा शब्दप्रयोग वकिलांपासून पक्षकारांपर्यंत सर्वांच्या तोंडी बसला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अंमलात आली आणि तीच तरतूद आता कलम १४४ मध्ये आहे. त्या तारखेपूर्वी दाखल झालेले अर्ज जुन्या कायद्याप्रमाणेच पुढे चालतात.

ही तरतूद धर्म वा जात पाहत नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, आदिवासी या सर्वांना ती सारखीच लागू आहे. ऐपत असूनही जो मनुष्य आपल्या पत्नीचा किंवा स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, अपत्याचा सांभाळ करीत नाही, त्याला दरमहा रक्कम देण्याचा हुकूम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. मूल औरस असो वा अनौरस, याने फरक पडत नाही, असे कलमाच्या शब्दांतच म्हटले आहे. या दोन तालुक्यांच्या संदर्भात या शब्दांना फार मोल आहे. लग्नाचा खर्च न झेपल्यामुळे विधी लांबणीवर टाकून एकत्र नांदणारी जोडपी कातकरी आणि वारली समाजांत नवीन नाहीत. अशा जोडप्याचे बिनसले की ‘लग्नच झाले नव्हते, तर पोटगी कसली?’ असा सवाल केला जातो. बाईच्या बाबतीत त्यावर वाद होऊ शकेल. मुलाच्या बाबतीत तो सवालच गैरलागू आहे. पितृत्व सिद्ध झाले की पुरे.

पत्नीच्या पोटगीला कायद्याने काही अडथळे घातले आहेत. ती व्यभिचारात राहत असेल, सबळ कारणावाचून नवऱ्याबरोबर राहण्यास नकार देत असेल किंवा दोघे परस्परांच्या संमतीने वेगळे राहत असतील तर तिचा हक्क जातो. घटस्फोटितेने दुसरे लग्न केले, गावच्या भाषेत पाट लावला, तरीही तो संपतो. मुलाच्या हक्काला यांपैकी एकही अडथळा लागू नाही. आईवर कोणताही आरोप असो, तिने कोणत्याही कागदावर संमती दिलेली असो, मुलाचा अर्ज त्यामुळे फेटाळता येत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की, आईच्या वर्तनाचा वाद उकरून काढून मुलांची पोटगी अडविण्याचा प्रयत्न पुष्कळदा केला जातो आणि ऐकणारेही मान डोलावतात.

अर्ज कोठे करावयाचा हा प्रश्न खेड्यातील स्त्रीला सर्वांत आधी भेडसावतो. समजा, टोकावडे परिसरातील मुलगी शहापूर तालुक्यात किन्हवलीकडे दिली. संसार मोडल्यावर ती दोन मुले घेऊन माहेरी आली आणि नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. तिला भिवंडीला किंवा शहापूरला खेपा घालण्याची आवश्यकता नाही. नवरा जेथे आहे, तो किंवा पत्नी जेथे राहते, अथवा दोघे जेथे शेवटचे एकत्र राहिले, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो. म्हणजे मुरबाडच्या न्यायालयाचे दार तिला उघडे आहे. घटस्फोटाचा अर्ज आणि पालकत्वाचा अर्ज हे सर्वसाधारणपणे वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायालयात वा जिल्हा न्यायालयात चालतात. पोटगीसाठी तेथवर जाण्याचे कारण नाही आणि घटस्फोट होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही.

वकिलाच्या खर्चाची धास्तीही बरीचशी अनाठायी आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. पोटगी, घटस्फोट, कौटुंबिक हिंसा अशा प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने १९९४ साली घेतला. अर्जासोबत मुलांचे जन्मदाखले, शाळेचा दाखला वा अंगणवाडीतील नोंद, शिधापत्रिका, लग्नपत्रिका किंवा छायाचित्र असेल ते जोडावे. यांतील एखादा कागद नसला म्हणून अर्ज अडत नाही. पोटगीच्या कामात विवाहाचा काटेकोर पुरावा मागितला जात नाही.

रक्कम कशी ठरते आणि कशी वसूल होते

१९७३ च्या संहितेत पोटगीला दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. महागाई वाढत गेली तशी ती हास्यास्पद ठरली आणि २००१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. त्याच दुरुस्तीने अंतरिम पोटगीची सोय झाली. मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत मुलांनी खावे काय, या प्रश्नाचे ते उत्तर होते. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा, असे कायदा सांगतो. ‘शक्यतो’ या शब्दात बऱ्याच तारखा मावतात, हे न्यायालयाची पायरी चढलेल्यांना ठाऊकच आहे.

४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व न्यायालयांना दोन महत्त्वाचे दंडक घालून दिले. पहिला, दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात दाखल करावे. दुसरा, पोटगी हुकमाच्या तारखेपासून नव्हे तर अर्जाच्या तारखेपासून द्यावी. दुसऱ्या दंडकामुळे तारखा लांबवून पैसे वाचविण्याची युक्ती निरुपयोगी झाली.

कारखान्यातील कामगाराचे उत्पन्न पगारपत्रकावरून कळते. शेतकऱ्याचे सातबारावरून काहीसे अजमावता येते. भट्टीवरच्या मजुराचे काय? त्याने दसरा-दिवाळीच्या सुमारास भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते, ती मजुरीतून फिटते आणि हाती पैसा आठवड्याच्या खर्चीपुरता येतो. कागद कोणताच नसतो. ‘मला उत्पन्नच नाही’ हा जबाब त्यामुळे सोपा वाटतो. परंतु धडधाकट मनुष्य मजुरी करून कमावू शकतो आणि बायकामुलांना पोसण्यासाठी त्याने ती केली पाहिजे, अशी भूमिका न्यायालयांनी सातत्याने घेतली आहे. कामाचे स्वरूप आणि त्या कामाचा प्रचलित दर पाहून न्यायालय उत्पन्नाचा अंदाज बांधते. अर्जदार स्त्रीने भट्टीचे गाव, मालकाचे नाव व उचलीची रक्कम सांगितली, शक्य तर सोबत काम केलेल्या एखाद्याची साक्ष दिली, तर हा अंदाज वस्तुस्थितीच्या जवळ जातो. ही माहिती तिच्याइतकी दुसऱ्या कोणालाच नसते, कारण आदल्या हंगामापर्यंत तीही त्याच भट्टीवर विटा थापत होती.

हुकूम होऊनही पैसे न आल्यास वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. दंडाची रक्कम वसूल करावी तशी थकलेली पोटगी वॉरंट काढून वसूल करता येते; तरीही न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणजे रक्कम फिटली, असा समज आहे. तो चुकीचा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, परतफेड नव्हे. येथे एक बारकावा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. असे वॉरंट हवे असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज झाला पाहिजे. ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणून दोन-दोन वर्षे वाट पाहणाऱ्या स्त्रियांना ही मुदत माहीत नसते.

ताबा कोणाकडे?

पोटगीपेक्षा ताब्याचा प्रश्न नाजूक आहे. फार पूर्वी तो प्रश्नच नव्हता. मूल बापाचे, हे गृहीत होते. इंग्लंडमध्येसुद्धा १८३९ चा कायदा होईपर्यंत विभक्त झालेल्या आईला आपल्या लहान मुलांचा ताबा मागण्याची सोय जवळजवळ नव्हती. आपल्याकडे पालक व पाल्य अधिनियम १८९० साली झाला. तो आजही लागू आहे आणि सर्व धर्म-जमातींना लागू आहे. हिंदूंपुरता हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ साली त्याच्या जोडीला आला. त्यात बाप हा नैसर्गिक पालक आणि त्याच्यानंतर आई, असा क्रम आहे. मात्र पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही म्हटले आहे. या ‘नंतर’ शब्दाचा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ असा घेतला जात असे. लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेविरुद्ध केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली त्याचा अर्थ ‘बापाच्या अनुपस्थितीत’ असा लावला. बाप हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसेल तर आई पालक ठरू शकते, हे त्यामुळे मान्य झाले.

तथापि पालक कोण, यापेक्षा मुलाचे हित कशात आहे, हा प्रश्न श्रेष्ठ मानला जातो. १९५६ च्या कायद्याचे कलम १३ तेच सांगते. मुलाचे वय, त्याची रोजची देखभाल आजवर कोणी केली, शाळा, घरातील माणसे, भावंडे एकत्र राहतील की नाही, हे सारे न्यायालय पाहते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याला विचारतेही. आईचे उत्पन्न कमी आहे, एवढ्यावरून ताबा बापाकडे जात नाही. ती तूट भरून काढण्यासाठीच पोटगी आहे. आईने दुसरे लग्न केले म्हणून ताबा आपोआप जातो, हेही खरे नाही.

ताबा एकाकडे दिला तरी दुसऱ्याचे नाते संपत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आईवडिलांपासून वेगळ्या राहणाऱ्या मुलाचा दोघांशीही संबंध राखण्याचा हक्क मान्य केला आहे आणि भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला. न्यायालये भेटीचे दिवस ठरवून देतात, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्या वाटून देतात. खेड्यात याला आणखी फाटे फुटतात. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेला मुलाला आजोळची माणसे नेणार की बापाकडची, यावरून वर्षभर थंडावलेले भांडण पुन्हा पेटू शकते. असे दिवस हुकमात नाव घेऊन लिहून घेतलेले बरे. ‘पोटगी देत नाही तर मूल दाखवणार नाही’ आणि ‘मूल दाखवत नाही तर पोटगी देणार नाही’ ही दोन्ही वाक्ये नेहमी ऐकू येतात. कायद्याने या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. दोहोंसाठी वेगवेगळे अर्ज आहेत.

शाळेच्या दारातून किंवा आठवडी बाजारातून मुलाला परस्पर उचलून नेण्याचे प्रकार घडतात. मूल नेले म्हणून ताबा मिळाला असे होत नाही. मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयाकडे पालकत्वाच्या अर्जाचा अधिकार असतो; त्याला एका रात्रीत दुसऱ्या गावी हलविल्याने तो बदलत नाही. छळाची पार्श्वभूमी असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये तालुक्याच्या ठिकाणचे न्यायदंडाधिकारीच मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतात आणि मुलांसाठी खर्चही मंजूर करू शकतात. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्यांचे साहाय्य मिळते.

आदिवासी कुटुंबे

येथे एक मुद्दा विशेष लक्षात घ्यावा लागतो. हिंदू विवाह, वारसा, पालकत्व आणि दत्तक व पोटगी यांविषयीचे १९५५-५६ चे कायदे अनुसूचित जमातींना, केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाहीत. त्यांचे विवाह आणि काडीमोड त्यांच्या रूढीप्रमाणे होतात. म्हणून ठाकूर किंवा कातकरी जोडप्याची पंचांसमोरची काडीमोड, रूढीचा पुरावा असल्यास, ग्राह्य ठरू शकते. बिगर-आदिवासी हिंदूंच्या बाबतीतही प्राचीन रूढी सिद्ध झाली तर १९५५ च्या कायद्याने ती राखून ठेवली आहे. एरवी केवळ मुद्रांकावर नोटरी करून घटस्फोट होत नाही.

परंतु रूढीने नाते तुटले, तरी मुलांची पोटगी रूढीवर सोडलेली नाही. कलम १४४, १८९० चा पालकत्वाचा कायदा आणि २००५ चा कायदा हे तिन्ही आदिवासी कुटुंबांना लागू आहेत. विवाहित नसलेल्या मुलीला वयाची १८ वर्षे उलटल्यावरही बापाकडून निर्वाह खर्च मागता यावा, ही हिंदू दत्तक व पोटगी अधिनियमातील सवलत मात्र त्यांना त्या कायद्याखाली मिळत नाही. ही उणीव खरी आहे.

आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांचा ताब्याचा प्रश्न आणखी निराळा आहे. वर्षातील बहुतेक दिवस मूल वसतिगृहात असते. तेव्हा ते रोज कोणाकडे राहणार यापेक्षा सुट्टीत त्याला घरी नेणार कोण आणि शाळेच्या नोंदवहीत पालक म्हणून नाव कोणाचे, हा व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो. न्यायालयाच्या हुकमाची प्रत मुख्याध्यापकांकडे दिलेली असली म्हणजे सुट्टीच्या दिवशी दारात दोन्हीकडची माणसे उभी राहण्याचा प्रसंग टळतो. आईबरोबर दुसऱ्या गावी आलेल्या मुलाला, जुन्या शाळेचा दाखला मिळाला नाही या कारणास्तव, जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तशी तरतूद आहे.

तंटामुक्ती समिती आणि शासकीय साहाय्य

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबविण्यात आली आणि गावोगावी समित्या स्थापन झाल्या. नवरा-बायकोचे अनेक वाद अशा समित्यांपुढे आले. गावातच समेट झाला तर ते चांगलेच. मुलांच्या बाबतीत मात्र समितीने दोन गोष्टी लिहून घेण्याची दक्षता घ्यावी: दरमहा किती रक्कम कोणत्या खात्यात जमा होणार, आणि भेटीचे दिवस कोणते. पोटगीचा हक्क सोडल्याची ओळ लिहूच नये. ती टिकत नाही आणि आईची मात्र उगाच दिशाभूल करते.

पोटगीचा हुकूम मिळूनही पैसा हाती पडेपर्यंत काळ जातो. त्या काळासाठी दोन योजनांचा उपयोग होतो. घटस्फोटित असून पोटगी न मिळणाऱ्या निराधार स्त्रियांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून, उत्पन्नाच्या अटीस अधीन राहून, मासिक साहाय्य मिळते. त्याचा अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा असतो. एकच पालक असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिचे अनुदान प्रत्येक बालकामागे दरमहा २२५० रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयामार्फत बालकल्याण समितीपुढे जातो.

एकदा ठरलेली पोटगी कायमची असते असेही नाही. मूल अंगणवाडीत असताना ठरलेली रक्कम ते दहावीला गेल्यावर पुरत नाही. दुसरीकडे बापाचे काम सुटते, आजारपण येते. परिस्थिती बदलल्याचे दाखविल्यास रक्कम वाढवून किंवा कमी करून मिळते. ताब्याचा हुकूमही मुलाच्या हितासाठी बदलता येतो. दोन्हींसाठी पूर्वीच्या हुकमाची नक्कल जोडून पुन्हा अर्ज करावा लागतो. ही नक्कल न्यायालयाच्या नक्कल विभागातून मिळते आणि ती मिळाल्याच्या दिवशीच तिच्या दोन-तीन छायाप्रती काढून ठेवाव्यात: एक शाळेसाठी, एक तहसील कार्यालयासाठी आणि एक घरच्या पेटीत.